सुरतेतील जुनी इंग्रज आणि डच कबरस्ताने: तिथे नेमके कोण विसावले आहे?

गडवाट

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात एका लग्नानिमित्त सुरतेला जाणे होणार आहे आणि मधला एक दिवस मोकळा आहे. आपण महाराष्ट्रातली माणसे सुरत हे नाव शाळेच्या चौथीच्या पुस्तकापासून ऐकत आलेलो आहोत. ६ जानेवारी १६६४ रोजी महाराज तिथे पोहोचले, मोगलांचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला, शहरातल्या धनाढ्यांचे वाडे रिकामे झाले, आणि इंग्रजांनी मात्र आपली वखार लढवून राखली, एवढे प्रत्येकाला तोंडपाठ असते. परंतु त्या वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन पुढे सुरतेतच वारला आणि त्याची कबर आजही तिथे उभी आहे, हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हते.

एका जुन्या छायाचित्रात ती वास्तू पाहिली आणि खरे सांगायचे तर मी चक्रावून गेलो. दोन मजले, खांबांवर पेललेले घुमट, कोपऱ्यांना मिनारांसारखी रचना. एखाद्या नवाबाचा मकबरा असावा असेच कोणालाही वाटेल. कापूस, नीळ आणि मिरी यांचा व्यवहार सांभाळणाऱ्या एका कंपनीच्या अधिकाऱ्यासाठी एवढी मोठी वास्तू कोणी आणि कशासाठी उभारली असेल? तिथे आणखी कोणाकोणाच्या कबरी आहेत? ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. माझे मत असे आहे की १६६४ ची गोष्ट आपण एका बाजूने वाचतो ती योग्यच आहे, परंतु समोरच्या बाजूला उभा असलेला माणूस जिथे पुरलेला आहे ती जागा पाहिल्याशिवाय ती गोष्ट पुरती कळत नाही.

उधनेकर

गडवाट, मी मूळची धुळ्याकडची, पण गेली बावीस वर्षे सुरतेत राहते. इंग्रजांचे कबरस्तान कतारगाम दरवाज्याजवळ आहे. डच आणि आर्मेनियन कबरस्तान तिथून जवळच, गुलाम फळियाच्या बाजूला आहे. रिक्षावाल्याला ‘अंग्रेजोंका कबरस्तान’ म्हणून सांगा. ‘ऑक्झेंडन’ म्हटले तर कोणाला काही कळणार नाही. दोन्ही जागा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत.

नदीकाठी ‘डच गार्डन’ नावाची जी बाग आहे ती निराळी आहे, तिथे जाऊन कबरी शोधू नका. आमचे दोन पाहुणे असेच अर्धा दिवस फिरून परत आले होते.

रेखा_ना

महाराजांच्या राज्याभिषेकाला रायगडावर जो ऑक्झेंडन आला होता, त्याचीच ही कबर ना? मला गेल्या वर्षी सहलीत आमच्या वाटाड्याने तसेच सांगितले होते.

मोडीवाचक

रेखाताई, हा घोटाळा फार जणांचा होतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला. त्या प्रसंगी मुंबईकर इंग्रजांचा वकील म्हणून रायगडावर हजर होता तो हेन्री ऑक्झेंडन. राजापूरच्या वखारीची नुकसानभरपाई मिळावी आणि स्वराज्यात व्यापाराची मोकळीक मिळावी, यासाठी त्याला पाठवले होते, आणि त्याने लिहून ठेवलेल्या हकिकतीमुळे आपल्याला त्या सोहळ्याचे कितीतरी बारकावे ठाऊक आहेत. सुरतेत जो पुरलेला आहे तो जॉर्ज ऑक्झेंडन. तो १४ जुलै १६६९ रोजी वारला, म्हणजे राज्याभिषेकाच्या जवळजवळ पाच वर्षे आधी. घराणे एक, माणसे दोन.

या जॉर्जचे महत्त्व केवळ १६६४ पुरते नाही. पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आलेले मुंबई बेट १६६८ साली राजाने कंपनीच्या हवाली केले, तेव्हा कंपनीच्या वतीने त्याचा कारभार पाहणारा पहिला गव्हर्नर हाच होता. सुरतेत वखार लढवून राखल्याबद्दल औरंगजेबाने इंग्रजांना जकातीत सूट दिली आणि त्याला मानाचा पोशाख दिला, तर कंपनीने त्याला सुवर्णपदक दिले. वखार राखल्याचा इतका गाजावाजा झाल्यानंतर अवघ्या पाच वर्षांत तो माणूस मातीआड गेला.

जमाखर्च

या वास्तूत जॉर्जच्या आधी त्याच्या भावाची, ख्रिस्तोफर ऑक्झेंडनची कबर आहे, ती या चर्चेत यायलाच हवी. ख्रिस्तोफर १८ एप्रिल १६५९ रोजी वारला आणि त्याची घुमटी आधी बांधली गेली. जॉर्ज गेल्यावर त्या घुमटीला पोटात घेऊन भोवती आणि वर ही मोठी वास्तू उभारण्यात आली. म्हणून ती आतून पाहिली, तर एका इमारतीत दुसरी इमारत असल्याचा भास होतो.

मी छत्तीस वर्षे हिशेबनीस म्हणून नोकरी केली, त्यामुळे ख्रिस्तोफरच्या कबरीवरचा लॅटिन लेख मला विशेष जवळचा वाटतो. त्याचा आशय असा आहे: याने आपल्या साहसांचा आणि आयुष्याचाही शेवट इथेच केला, त्याला आपल्या वहीत वर्षे मांडता आली नाहीत, केवळ दिवस मांडता आले, कारण मृत्यूने एकाएकी हिशेब मागितला. मालकहो, तुमचा तोटा काय आणि नफा काय, असे विचारता? तुम्ही एक सेवक गमावला, आम्ही एक सोबती गमावला आणि त्याने स्वतःचे प्राण गमावले. परंतु जमेच्या बाजूला तो ‘मृत्यू हा माझा लाभ’ असे लिहू शकतो.

ज्याने हे रचले त्याने आयुष्यभर खतावणीच लिहिली असणार. लंडनमधल्या मालकांना उद्देशून, त्यांना समजेल अशा भाषेत, मेलेल्या सोबत्याचा ताळेबंद मांडला आहे. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ पुढचे पान उलटले नव्हते.

रेखा_ना

मोडीवाचक, खुलाशाबद्दल मनापासून आभार. जमाखर्च काका, तुमचा प्रतिसाद मी माझ्या बाबांना वाचून दाखवला. तेही बँकेत होते.

किल्लेदार

क्षमा असावी, पण मला या उत्साहाचे आश्चर्य वाटते. आपल्याकडे कितीतरी सरदारांच्या समाध्या बाभळीच्या जाळीत पडल्या आहेत, वीरगळ पायऱ्यांना आणि ओट्यांना लावले गेले आहेत, गडांवरची टाकी गाळाने भरली आहेत. मी दर पावसाळ्यानंतर मुलांना घेऊन गडावर साफसफाईला जातो, तेव्हा चार फावड्यांना पैसे जमवताना आमची दमछाक होते. अशा वेळी ज्या कंपनीने पुढे हा देश गिळला तिच्या अधिकाऱ्यांच्या कबरींवर सरकारी पैसा खर्च व्हावा आणि आपण त्या कौतुकाने पाहायला जावे, हे मला पटत नाही. ती वास्तू मुळात दिमाख मिरवण्यासाठीच बांधलेली आहे.

मोडीवाचक

किल्लेदार, तुमच्या कामाविषयी मला आदर आहे आणि समाध्यांची दुर्दशा मीही डोळ्यांनी पाहिली आहे. तरीही एक गोष्ट विचारात घ्यावी. सुरतेच्या त्या चार-पाच दिवसांची हकिकत आपण ज्या साधनांवरून सांगतो, त्यांत इंग्रज वखारीतल्या माणसांची पत्रे फार मोलाची आहेत. वखारीचा पाद्री लेस्कालियो याने जानेवारी १६६४ मध्येच इंग्लंडला लिहिलेल्या पत्रात महाराजांचे वर्णन आहे: मध्यम उंची, ताठ आणि बांधेसूद शरीर, चपळ हालचाल, वेधक डोळे, बरोबरच्या माणसांपेक्षा उजळ वर्ण. ‘शिवाजी कसे दिसत’ या प्रश्नाचे समकालीन उत्तर शोधताना आपले इतिहासकार ज्या मोजक्या कागदांपाशी येतात, त्यांतला हा एक आहे. अँथनी स्मिथ नावाचा इंग्रज मराठ्यांच्या हाती सापडला आणि त्याला महाराजांपुढे नेण्यात आले. छावणीत त्याने काय पाहिले तेही याच वखारीच्या कागदांतून आपल्यापर्यंत आले. ती माणसे आपली शत्रू होती, हे मान्य आहे. ती आपली साक्षीदारही होती, आणि साक्षीदाराचा ठावठिकाणा माहीत असलेला बरा.

चुनागच्ची

दिमाखाचा मुद्दा किल्लेदारांनी काढला तो बरोबर आहे आणि तिथेच धाग्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर आहे. मी जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून बांधकामाच्या अंगाने लिहितो.

ऑक्झेंडन बंधूंची वास्तू सुमारे ४० फूट उंच आणि २५ फूट व्यासाची आहे. काम विटांचे आणि चुन्याचे, वर गिलावा. खांब जाडजूड आहेत आणि वरचा घुमट भरीव नसून मधून उघडा ठेवलेला आहे. आता विचार करा की हे बांधणारे हात कोणाचे होते. इंग्लंडहून गवंडी आलेले नव्हते. सुरतेतल्या ज्या कारागिरांना मशीद, मकबरा आणि व्यापाऱ्यांच्या हवेल्या बांधण्याची सवय होती, त्यांनीच हे काम केले. त्यांच्या हाताला कमान, घुमट आणि छत्री हेच वळण होते, आणि वखारवाल्यांनाही तेच हवे होते, कारण मोगलांच्या बंदरात माणसाची पत त्याच्या पालखीवरून, पोशाखावरून आणि मेल्यावर त्याच्या कबरीवरून ठरत असे. साधा दगड बसवून भागवले असते, तर शहराने त्यांना किरकोळ फेरीवाले समजले असते. मजा म्हणजे कबरीवरचा लेखसुद्धा वाचकालाच विचारतो, की मित्रा, ही एवढी थोरली वास्तू कशासाठी? म्हणजे गडवाट यांचा प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या लोकांनाही अपेक्षित होता.

इथे डचांची चढाओढ लक्षात घ्या. व्हान रेडे नावाच्या डच अधिकाऱ्याची कबर अष्टकोनी आहे, खाली आणि वर खांबांची ओवरी आहे, वर घुमट आहे. इंग्रजांपेक्षा आपली वास्तू वरचढ दिसावी या ईर्ष्येने ती बांधली, असे पूर्वापार सांगितले जाते. एके काळी आतून ती चित्रांनी आणि कोरीव लाकूडकामाने सजवलेली होती, आणि तिच्या एका दुरुस्तीपोटी डच कंपनीला ६,००० रुपयांचा खर्च आल्याची नोंद आहे. त्या काळातले सहा हजार!

जाताना एक पाहा. जिथे गिलाव्याचा पापुद्रा सुटला आहे, तिथे खालच्या विटा दिसतात. त्या आजच्या विटेपेक्षा पातळ आहेत, आणि दोन विटांमधला चुन्याचा थर जवळजवळ विटेइतकाच जाड आहे. चुना श्वास घेतो, म्हणजे ओल आत शिरली तरी बाहेर पडते. अशा भिंतीवर सिमेंट फासले, की ओल आत कोंडते आणि वीट भुसभुशीत होते. जुन्या समाध्यांच्या बाबतीतही माझे हेच कळकळीचे सांगणे असते. किल्लेदार, तुमच्या मंडळींनी कुठे डागडुजी केली, तर कृपा करून सिमेंट वापरू नका. चुन्याचे मिश्रण कसे करायचे ते मी येऊन शिकवीन.

किल्लेदार

चुनागच्ची, हे आमंत्रण मी गंभीरपणे घेतो आहे. दिवाळीनंतर एका समाधीच्या चौथऱ्याचे काम काढायचे आहे. व्यक्तिगत निरोपात संपर्क करतो.

मांडवीतीर

व्हान रेडेचे नाव निघाले आणि राहवले नाही, कारण आम्हा गोंयकारांचा या माणसाशी थेट संबंध आहे.

हेंड्रिक आद्रियान व्हान रेडे हा डचांचा मलबारचा गव्हर्नर होता. कोचीत असताना त्याने तिथल्या वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ सिद्ध करवून घेतला, तो म्हणजे ‘होर्तुस मलाबारिकुस’. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये त्याचे १२ खंड छापले गेले आणि त्यांत ७४० च्या आसपास वनस्पतींची वर्णने आहेत. झाडांचे गुण सांगणारा मुख्य माणूस होता इट्टी अच्युतन हा मलयाळी वैद्य. त्याच्याखेरीज रंगभट, विनायक पंडित आणि आप्पुभट हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्य या कामात होते. गोव्यातून निघून कोचीत स्थायिक झालेल्या समाजातले हे लोक. ग्रंथाच्या पहिल्या खंडात त्यांचे १६७५ सालचे प्रशस्तिपत्र कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत छापलेले आहे. युरोपात छापल्या गेलेल्या नागरीच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत त्याची गणना होते.

त्या ग्रंथातली चित्रे पाहा. फांदी, पान, फूल, फळाचा उभा छेद, सगळे मोठ्या पानावर ऐसपैस काढलेले, आणि कडेला त्याच झाडाचे नाव रोमन, मलयाळी, अरबी आणि नागरी अशा चार लिप्यांत. नागरी अक्षरे जराशी वेडीवाकडी आहेत, कारण ती न वाचता येणाऱ्या कोरक्याने तांब्याच्या पत्र्यावर उतरवलेली आहेत. तरीही ती वाचता येतात, आणि वाचताना अंगावर काटा येतो.

पुढे कंपनीतल्या भ्रष्टाचाराची चौकशी करण्यासाठी व्हान रेडेला मोठे अधिकार देऊन पुन्हा पूर्वेकडे पाठवले होते. कोचीहून सुरतेला जाताना १५ डिसेंबर १६९१ रोजी तो जहाजावरच वारला, मुंबईच्या किनाऱ्याजवळ. त्याचे शव सुरतेत आणून जानेवारी १६९२ च्या आरंभी तिथे पुरले. ग्रंथाचे शेवटचे खंड छापून आलेले त्याने पाहिले नाहीत. मला त्या कबरीचा थाट दुय्यम वाटतो. रंगभट, विनायक पंडित आणि आप्पुभट यांची नावे ज्याने आपल्या ग्रंथात छापली, तो माणूस तिथे आहे, म्हणून मी तिथे जाईन.

भटका

टॉम कोर्याट याचीही कबर सुरतेलाच आहे ना? इंग्लंडहून निघून बराचसा प्रवास पायी करत जहांगिराच्या काळात अजमेरपर्यंत आलेला तो अवलिया. जेवताना काटा वापरण्याची चाल इटलीत पाहून त्याने ती इंग्लंडमध्ये सांगितली, असे वाचले होते.

उधनेकर

भटका, कोर्याट डिसेंबर १६१७ मध्ये सुरतेत वारला हे खरे, पण त्याची म्हणून दाखवली जाणारी कबर या कबरस्तानात नाही. ती सुवाळीच्या बाजूला, राजगरी गावाजवळ आहे. समुद्रातून आलेली मोठी जहाजे तापीच्या मुखात न शिरता सुवाळीलाच नांगर टाकत असत. तिकडे जायला निराळा दिवस काढावा लागेल.

माहीमकर

अजून कोणीच जेराल्ड ऑंजियरचे नाव घेतलेले नाही, म्हणून मी लिहितो. मी मुंबईत वाढलो, आणि माझ्या दृष्टीने या कबरस्तानातला सर्वांत महत्त्वाचा माणूस तोच आहे. जॉर्ज ऑक्झेंडननंतर तो सुरतेचा प्रमुख आणि मुंबईचा गव्हर्नर झाला. मुंबई तेव्हा खाजणे, नारळीच्या वाड्या आणि ताप यांसाठी ओळखली जात होती. इथे आलेला गोरा माणूस दोन पावसाळे काढतो, असे लोक म्हणत. त्या बेटावर ऑंजियरने १६७२ साली न्यायालय सुरू केले, जमिनीच्या हक्कांबाबत रहिवाशांशी करार केला, टांकसाळ उभी केली आणि निरनिराळ्या जातीधर्मांच्या व्यापाऱ्यांना आपापल्या रीतीने राहण्याची हमी देऊन बोलावून घेतले. आज फोर्टमध्ये जे सेंट थॉमस चर्च आहे त्याची सुरुवातही त्याच्याच काळातली, जरी ते पुरे व्हायला १७१८ साल उजाडले.

तो ३० जून १६७७ रोजी सुरतेत वारला. ऑक्झेंडन बंधूंच्या वास्तूजवळ एक मोठी कबर आहे, जिच्यावर एकही अक्षर नाही, आणि तीच ऑंजियरची असे परंपरेने मानले जाते. ज्याने मुंबईची घडी बसवली त्याच्या नावाचा दगड नाही, ही गोष्ट मला फार लागते. मुंबईत रोज लोकलने प्रवास करणाऱ्या लाखो माणसांपैकी कितीजणांनी हे नाव ऐकले असेल?

जमाखर्च

माहीमकर, तुमचा प्रतिसाद वाचून एक गोष्ट ध्यानात आली. कोणाला शब्द मिळाले, कोणाला थाट मिळाला, कोणाला दोन्ही, आणि ऑंजियरला शब्दच मिळाले नाहीत. त्या काळात माणसे इतक्या लवकर जात की पुरणाऱ्यांपैकीच एखादा पुढच्या पावसाळ्यात शेजारी येत असे. लेख लिहून घ्यायला कोणी उरले नसेल, असेही असू शकते.

उधनेकर

आर्मेनियन कबरी विसरू नका, एवढेच सांगायला आले. डचांच्या शेजारी त्या अगदी जमिनीलगत आहेत, सपाट दगड आणि त्यांवर त्यांच्या लिपीतली बारीक कोरीव अक्षरे. घुमट पाहायला आलेली माणसे मान वर करून चालतात आणि त्या दगडांवरून पाय देऊन जातात. जपून चाला.

गडवाट

मंडळी, काल जाऊन आलो. आपल्या सर्वांच्या प्रतिसादांचे कागद छापून बरोबर नेले होते आणि ते अक्षरशः उपयोगी पडले.

सकाळी पावणेआठला कतारगाम दरवाज्यापाशी उतरलो. चोहोबाजूंना घरे, दुकाने, दुचाक्या, आणि मध्येच भिंतीआड हे घुमट. आत शिरल्यावर रस्त्याचा आवाज एकदम कमी होतो. ऑक्झेंडन बंधूंच्या वास्तूखाली उभे राहून वर पाहिले तेव्हा उघड्या घुमटातून आकाशाचा तुकडा दिसत होता आणि कठड्यावर पारवे ओळीने बसले होते. चुनागच्ची, विटा तुम्ही म्हणालात तशाच पातळ आहेत. मी बोटाने मोजल्या, माझ्या तर्जनीच्या दोन पेरांएवढीही त्यांची जाडी भरत नाही. एका कोपऱ्यात मात्र कोणीतरी सिमेंटचा हात फिरवला आहे आणि त्याच्या कडेने भिंतीला ओलीची काळपट रेघ उमटली आहे.

जमाखर्च काका, ख्रिस्तोफरचा लेख तुमच्या प्रतिसादातून मोठ्याने वाचला. बरोबर माझा अकरावीतला भाचा होता. त्याने विचारले, “मामा, मालकांना तोटा सांगताना यांनी ‘तुम्ही सेवक गमावला’ हे पहिले लिहिले आणि ‘त्याने प्राण गमावले’ हे शेवटी का लिहिले?” मला उत्तर देता आले नाही. आपल्याला सुचले तर अवश्य लिहावे.

नंतर माहीमकरांनी सांगितलेल्या त्या बिननावाच्या कबरीपाशी थांबलो. तिच्या चौथऱ्यावर कोणीतरी झेंडूची दोन फुले ठेवली होती, अजून ताजी. राखणदाराला विचारले, तेव्हा त्याने सांगितले की पलीकडच्या गल्लीतली एक म्हातारी रोज सकाळी देवाची फुले काढते आणि उरलेली इथे ठेवून जाते; कबर कोणाची आहे हे तिला माहीत नाही, आणि तिने कधी विचारलेलेही नाही.

डच बाजूला पोहोचेपर्यंत ऊन चढले होते आणि लग्नघरातून तीन वेळा फोन आला, त्यामुळे व्हान रेडेची कबर घाईत पाहावी लागली. आर्मेनियन दगडांवर पाय पडू दिला नाही, उधनेकर ताई. मांडवीतीर, फेब्रुवारीत पुन्हा सुरतेला जाणार आहे. आपण येणार असाल, तर त्या प्रशस्तिपत्राची एक मोठी प्रत बरोबर आणावी. व्हान रेडेच्या ओवरीत बसून ती नागरी अक्षरे वाचायची माझी फार इच्छा आहे.

मांडवीतीर

येतो. प्रत माझ्याकडे आहे. मडगावहून रात्रीची गाडी धरली तर दुसऱ्या दिवशी सुरतेत असेन.